पाखऱ्याला पळायला जागा

"मॅडम, कुत्रं बाहेर घ्या."

शाळेच्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाला एक शिपाई उभा होता आणि तिथूनच हात हलवत ओरडत होता. सकाळचे सहाही वाजले नव्हते. मैदानावर आम्ही तिघंच होतो. मी, भिंतीलगतच्या कट्ट्यावर काठी धरून बसलेले माझे वडील, आणि त्यांचा कुत्रा पाखऱ्या. पाखऱ्याच्या पट्ट्याची कडी मी नुकतीच सोडली होती.

"पाचच मिनिटं," मी ओरडून सांगितलं. "एक चक्कर मारेल, की आम्ही जातो."

"मारतोय कुठं चक्कर?" शिपाई म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. पाखऱ्याला जिथे सोडलं तिथेच तो उभा होता. समोर एवढं मोठं मैदान, गळ्याला साखळी नाही, आणि हा चारही पाय रोवून, मान वळवून नानांकडे बघतोय. मी त्याला मागून ढकललं. टाळ्या वाजवल्या. शेवटी ओढणी कमरेला बांधून स्वतःच पळून दाखवलं, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्या शिपायादेखत. कुत्र्याने माझी एक फेरी पूर्ण होईपर्यंत माझ्याकडे पाहिलं, आणि परत नानांकडे.

"ऱ्हाऊ दे रतन," नाना कट्ट्यावरून म्हणाले. "न्हाई पळायचा तो. त्याला हितली जमीन कळंना."

गाडीत बसल्यावर मी वही काढली आणि त्या मैदानापुढे फुली मारली. ती चौथी फुली होती.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यात एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होते. नवरा, विलास, कंपनीच्या कामावर जामनगरला असायचा आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी एकटी आणि मला स्वस्थ बसता येत नाही. एखादी गोष्ट बिघडलेली दिसली की ती दुरुस्त होईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि दुसऱ्याच्याही उतरू देत नाही, असं विलास म्हणतो. त्यात बरंच तथ्य आहे.

त्या वर्षी बिघडलेली गोष्ट म्हणजे नाना. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. अहमदपूरच्या बाजूला आमचं गाव. तिथे नाना शेतातल्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. वय शहात्तर. संक्रांतीच्या आधी ते विहिरीकडे जाताना घसरून पडले आणि सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच पडून राहिले. शेजारच्या शेतातल्या माणसाला पाखऱ्याच्या भुंकण्याने शंका आली, म्हणून सापडले. हाड मोडलं नव्हतं, पण पाय असा सुजला की आठ दिवस टेकता येईना. माझा धाकटा भाऊ धनंजय मस्कतला असतो. तो फोनवर रडला आणि मग म्हणाला, "ताई, त्यांना एक दिवसही तिथे ठेवायचं नाही." जणू मस्कतहून तोच गाडी घेऊन निघणार होता.

मी गेले आणि नानांना घेऊन आले. ते फारसे भांडले नाहीत, याचंच मला नवल वाटलं होतं. त्यांनी एकच अट घातली.

"पाखऱ्या येनार."

"येऊ दे."

"आन जत्रंपोतर बघू. तवर कुत्रं रमलं तर ऱ्हातो. न्हाई रमलं तर मला मुकाट गाडीत बसवून द्यायचं. मुकं जित्राब हाय, त्याला मी डांबून मारनार न्हाई."

आमच्या गावची जत्रा चैत्रात असते. हातात दोन महिने होते. मी लगेच हो म्हणाले. एक कुत्रा रमवणं ही काय मोठी गोष्ट, असं मला वाटलं.

पाखऱ्या कारवानी होता. आमच्या भागात ही जात पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. उंच, सडपातळ, बरगड्या मोजून घ्याव्यात इतका कृश, लांब तोंड आणि उंच पाय. पूर्वी माणसं अशी कुत्री घेऊन सशामागे जायची. आता ज्वारीतली डुकरं हुसकायला ठेवतात. हा कुत्रा पळण्यासाठीच जन्माला येतो. आणि मी त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या घरात आणून ठेवलं होतं. तो दिवसभर दारापासून बाल्कनीपर्यंत आणि बाल्कनीपासून दारापर्यंत चालायचा. फरशीवर त्याच्या नखांचा टकटक आवाज यायचा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा विचारलं की वर शिवणकाम सुरू केलंय का. त्याने खाणं निम्म्यावर आणलं. साखळीला धरून सोसायटीभोवती दहा फेऱ्या मारल्या तरी घरी आल्यावर टकटक चालूच.

नाना खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत राहायचे आणि मी दोघांकडे.

साखळीशिवाय पळू देईल अशी जागा हवी, एवढं गणित सरळ होतं. म्हणून मी वही केली. सकाळी पाचला उठायचं, नानांना चहा, पाखऱ्याला गाडीत, आणि निघायचं. नानांना न्यावंच लागे, कारण ते बरोबर नसले की पाखऱ्या लिफ्टमध्ये पाऊल टाकायचा नाही. टेकडीवर गेलो, तिथे फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी मला पक्ष्यांवर व्याख्यान दिलं. नदीकाठच्या मोकळ्या जागेत भटक्या कुत्र्यांनी घेरलं. एका बंद कारखान्याच्या आवारात रखवालदाराने हरकत घेतली नाही, पण पाखऱ्यानेच घेतली. कडी सोडली की तो पुतळा. नानांकडे बघायचं आणि उभं राहायचं.

मग माझ्या वर्गातल्या एका मुलीने सांगितलं की शहराबाहेर, नव्या वस्तीत, खास कुत्र्यांसाठी मैदान निघालंय. चारी बाजूंनी उंच जाळी, आत सगळी कुत्री मोकळी. ऐकून मी तिचा हात धरला. ती बिचारी घाबरली. जत्रेला तेव्हा वीस दिवस उरले होते.

पहिल्या रविवारी आम्ही सातला तिथे पोचलो. फाटकाला दोन दारं होती. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे कुत्रं सटकत नाही. मला ती व्यवस्था फार आवडली. दारावर उभ्या असलेल्या रखवालदाराने लसीचा कागद पाहिला, पाखऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, नानांना नमस्कार केला आणि आत सोडलं.

आत गवत होतं, पाणी होतं, दहा-बारा कुत्री एकमेकांमागे धावत होती. नाना जाळीजवळच्या बाकावर बसले, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरून. मी पाखऱ्याला मध्यावर नेलं. कडी काढली.

पाखऱ्याने कान टवकारले. त्याच्या मांडीचे स्नायू कातडीखाली हललेले मी पाहिले. एक पांढरा केसाळ कुत्रा त्याच्या नाकासमोरून गेला, आणि तो सुटणार असं मला वाटलं. पण त्याने मान वळवली, बाकाकडे पाहिलं आणि उभा राहिला.

"पहिल्यांदा आलाय का?" शेजारून आवाज आला. अगाशे बाई. त्यांचा लॅब्राडोर इतका लठ्ठ होता की तो पळत नसे, नुसता ढकलला जात असे. "घाबरलाय बिचारा. बॉल आणलात का? नाही? मग चीज द्या."

"तो भाकरी खातो."

"तरीच," अगाशे बाई म्हणाल्या. का ते मी विचारलं नाही.

त्यांच्या लॅब्राडोरने मात्र माझ्या खिशातली भाकरी शोधून काढली आणि खाल्ली. पाऊण तास पाखऱ्या उभा राहिला. घरी जाताना नाना मागच्या सीटवरून म्हणाले, "चांगली केलीय जागा. पर त्याला सवं न्हाई."

"सवय होईल."

"बघ बाई."

दुसऱ्या खेपेला मी चीज नेलं, बॉल नेला, आणि दोरीला बांधलेलं सशाचं खेळणंही नेलं. ते मी पळत पळत ओढलं. तीन कुत्री माझ्या मागे लागली, त्यांत पाखऱ्या नव्हता. अगाशे बाई म्हणाल्या, या कुत्र्याच्या मनावर काहीतरी आघात झालेला आहे, आणि त्यांनी एका बाईंचं कार्ड दिलं. त्या बाई कुत्र्याचा फोटो पाहून त्याच्या मनातलं सांगतात म्हणे. एरवी मी असल्या गोष्टींना हसते. त्या दिवशी मी ते कार्ड नीट जपून पर्समध्ये ठेवलं. दरम्यान पाखऱ्याला डॉक्टरकडे नेऊन रक्त तपासलं, पायांचे एक्स-रे काढले. डॉक्टर म्हणाला, कुत्रा ठणठणीत आहे.

मला झोप लागेना. वर्गात फळ्यावर एकच उदाहरण दोनदा सोडवलं आणि मुलांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. नाना कपड्यांची घडी करून पिशवीत ठेवू लागले होते. रोज एक सदरा. कॉलेजातून आले की मी तो पिशवीतून काढून परत कपाटात लावायचे. आम्ही दोघंही त्याबद्दल काही बोलत नव्हतो. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. ती विहिरीची वाट, वर ऊन, आणि नाना पडलेले. या वेळी कुणाच्या कानावर भुंकणं गेलं नाही तर, हा विचार आला की मी उठून पुन्हा नकाशा उघडायचे.

धनंजयचा दर शनिवारी फोन यायचा. "कुत्र्याचं काय झालं? पळतो की नाही?" जसा काही कुत्र्याचा निकाल लागायचा होता.

"पळेल."

"ताई, तुला एक कुत्रा सांभाळता येत नाही?"

मी फोन ठेवला.

तिसऱ्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा जत्रेला सहा दिवस राहिले होते. त्या दिवशी मी काही नेलं नव्हतं. कडी काढली आणि पाखऱ्याशेजारी गवतातच बसले. तो थरथरत होता. तोंडातून लाळ गळत होती. एवढ्या जवळून मला पहिल्यांदाच कळलं की हा घाबरलेला नाही. त्याला पळायचंय. इतकं पळायचंय की उभं राहणं त्याला झेपत नाहीये, तरी तो उभा आहे.

मी उठून पाणी प्यायला फाटकाजवळच्या नळाकडे गेले. रखवालदार तिथेच होता. व्यंकट सूर्यवंशी, त्याच्या छातीवर नाव लावलेलं होतं.

"ताई, एक बोलू का? रागावनार न्हाई ना?" तो म्हणाला. "मी उदगीरकडचा हाय. आमच्या घरी दोन कारवानी हायेत."

"मग सांगा ना, काय झालंय याला?"

त्याने पायाने माती उकरली. "काई झालं न्हाई. तुमच्या वडलांनी त्याला धरून ठिवलंय."

"ते तर तिकडे बसलेत."

"त्यांची मूठ बघा."

मी वळून बघितलं. नाना बाकावर बसले होते, नेहमीसारखेच. काठी गुडघ्यांमध्ये उभी, डावा हात मांडीवर, आणि काठीच्या टोकावर उजवी मूठ. ती त्यांनी अंगठा आत घेऊन घट्ट आवळली होती, काठीला न धरता.

"रानात चार मान्सं चार कुत्री घेऊन हुभी ऱ्हातात," व्यंकट हळू आवाजात सांगत होता. "आवाज केला तर ससा उठतो. म्हनून मालक असा मूठ धरतो. मूठ हाय तवर कुत्रं जागचं हलत न्हाई, मग समोर काई का येईना. पंजा सोडला की गेलं. पैल्या दिवशीच मी वळखलं. मला वाटलं, म्हातारं माणूस, असंल काई. पर आता कुत्र्याचे हाल बघवंनात, ताई."

आमच्याकडे कुत्री घेऊन रानात पुरुष जायचे. आई आणि मी भाकऱ्या बांधून द्यायचो आणि ते परत आले की पाणी तापवायचो. पंधराव्या वर्षी मी शिकायला लातूरला गेले. त्या मुठीबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

मी बाकाशी गेले आणि नानांच्या शेजारी बसले. पाखऱ्या मैदानाच्या मध्ये उभा होता, मान वळवून.

"नाना, मूठ उघडा."

मूठ तशीच ठेवून ते म्हणाले, "कोन बोल्लं?"

"दारावरचा. उदगीरचा आहे."

"तरीच पैल्या दिवशी लई टक लावून बघायलता."

"उघडा."

"रतन, लोकं बघायलेत."

"बघू द्या. दोन महिने मी पाचला उठतेय. तिथे त्या टेकडीवर, नदीवर, शाळेत. माणसांची बोलणी खाल्ली. माझं सोडा, त्या मुक्या जनावराला तुम्ही दोन महिने असं उभं केलंत. त्याची दशा बघा जरा."

त्यांनी पाखऱ्याकडे बघितलं नाही. "त्येचं पाप माझ्या डोक्यावर हाय," ते म्हणाले. "त्ये मी घरी गेल्यावर फेडीन."

"तुम्हाला जायचंच होतं तर पहिल्या दिवशी सांगायचं होतं."

"काय सांगायचं व्हतं? लेकीनं हौसेनं आनलं. खोली दिली. संडासात धरायला दांडी बसवली. रोज दोन भाज्या करायलीस. आन म्हाताऱ्यानं म्हनावं, मला हितं करमंना? तुला लागलं नसतं?"

"लागलं असतं."

"आन तू भांडली असतीस. भांडून मला ठिवून घेतलं असतंस. तुझ्याफुडं माझं कवा चाललंय?"

मी हातातली साखळी मनगटाला गुंडाळली.

"बरं, समज भांडून गेलो असतो," नाना म्हणाले. "गावात काय म्हनले असते? लेकीला बाप जड झाला. दोन महिन्यात परत आनून टाकला. भावकी तुलाच बोल्ली असती. धनूनं तितून फोनवर तुलाच धारंवर धरलं असतं. कुत्र्यावर घातलं की कुनाला बोलायला जागा ऱ्हात न्हाई. कुत्रं काय, कुत्र्याला कोन इचारतंय."

"आणि परत पडलात तर?"

"पडंन."

"तिथे कुणी नसेल, नाना."

"नसंल." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. "रतन, त्या दिशी मी पडलो तवा मी भ्यालो न्हवतो. तू भ्यालीस. धनू भ्याला. मी आपला पडलो व्हतो. हरभरा फुलावर व्हता. पाखऱ्या बसला व्हता. मला काई सुदीक वाटलं न्हाई."

मी आयुष्यात इतकी चिडलेली नव्हते. त्यांच्यावर, व्यंकटवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. कारण मला कळलं होतं की ते खरं बोलतायत. मी त्यांना ठेवून घेत होते ते त्यांच्यासाठी नाही. मला काळजीचा त्रास नको होता. विहिरीची ती वाट माझ्या डोळ्यांपुढून जावी, यासाठी मी एका माणसाला आणि एका कुत्र्याला तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं होतं. आणि तरीही मला त्यांना सोडायचं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

अगाशे बाई काहीतरी सांगायला येत होत्या. माझा चेहरा पाहून त्या लॅब्राडोरकडे परतल्या.

"जत्रेच्या आधी पोचायचं तर गुरुवारी निघावं लागेल," मी म्हणाले. "मी रजा टाकते."

नाना म्हणाले, "कुत्र्यामुळं."

"बरं. कुत्र्यामुळं."

"धनूलाबी हेच सांगायचं."

"सांगेन. आता उघडा."

त्यांनी मूठ उघडली.

मी त्या वेळी त्यांच्या हाताकडे बघत होते, त्यामुळे सुरुवात मला दिसलीच नाही. वर बघितलं तेव्हा पाखऱ्या मैदानाच्या पार टोकाला होता आणि वळत होता. इतर कुत्री पळतात तेव्हा पाय दिसतात. याचे दिसत नव्हते. पाठ वाकायची आणि सरळ व्हायची, आणि प्रत्येक वेळी जाळीचा एक खांब मागे जायचा. पांढरा केसाळ कुत्रा त्याच्या मागे निघाला आणि चार ढांगांत थांबला. मग सगळीच थांबली. माणसंही. अगाशे बाईंच्या हातातलं चीज खाली पडलं आणि ते लॅब्राडोरनेही उचललं नाही. कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे फक्त त्याचा श्वास ऐकू यायचा, जवळ आला की मोठा, लांब गेला की लहान.

नाना उठून उभे राहिले होते. काठी बाकावरच होती. "बघ," ते म्हणाले. "बघ, कसं पळायलंय." त्यांचे डोळे वाहत होते आणि ते हसत होते. मी त्यांच्या कमरेला हात घातला, पडू नयेत म्हणून. त्यांनी तो काढला नाही.

आठ फेऱ्या झाल्यावर पाखऱ्या आपणहून आला आणि नानांच्या पायांवर आडवा पडला. व्यंकटने पाण्याची बादली आणून ठेवली.

"जागा कमी पडली त्याला," तो म्हणाला.

गुरुवारी आम्ही गावी गेलो. त्यांच्या दोन खोल्या मी झाडून दिल्या, विहिरीच्या वाटेवर फरशा टाकून घेतल्या, शेजारच्या माणसाला रोज सकाळी हाक मारायला सांगितलं. जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं केलं आणि परत आले. धनंजयला सांगितलं, कुत्रा रमला नाही. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही, आणि नंतर बोलायला लागला तेव्हा शिव्या फक्त कुत्र्याला द्यायचा.

नाना पुढे एक वर्ष सात महिने जगले. गेले ते शेतातच, सकाळी, हरभऱ्याच्या कडेला. शेजाऱ्याची हाक पोचायच्या आधी. किती वेळ पडून होते ते कुणालाच सांगता आलं नाही. पाखऱ्या शेजारी होता, पण या वेळी तो भुंकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी घरासमोर माणसं बसली होती. धनंजय मस्कतहून आला होता. त्याचे डोळे सुजले होते आणि तो येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होता. पाखऱ्या दाराशी पडला होता. कुणीतरी त्याला पायाने बाजूला सारलं.

"या कुत्र्यापायी गेले," धनंजय म्हणाला. "हे एक पळालं असतं तर नाना आज पुण्यात असते. ताईने काय कमी केलं? हे करंटं जागचं हललं नाही."

नानांची धाकटी बहीण, आमची कोंडाबाई आत्या, दारात बसून ताटलीत भाकरीचे तुकडे मोडत होती. बाकीच्या बायका माना हलवत होत्या. पाखऱ्याने मान वर केली आणि परत खाली ठेवली. एवढा वेळ मी गप्प होते. नानांना दिलेला शब्द मला पाळता आला असता. तसं केलं असतं तर कुणीही, कधीही मला काही विचारलं नसतं.

"धनू, कुत्रा पळत होता," मी म्हणाले. "पुण्यात फार छान पळत होता. मी डोळ्यांनी बघितलंय. नानांना मी आणून सोडलं. ते पडतील हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी आणून सोडलं."

धनंजय माझ्याकडे बघत राहिला. तो उठणार असं मला वाटलं, आणि उठून काय करेल ते मला कळत नव्हतं. मी वाट बघत होते.

कोंडाबाई आत्याने हातातली भाकरी खाली ठेवली.

"बस खाली, धनू," ती म्हणाली. "तिचं काई ऐकू नगंस. नाना मला सांगून गेलाय. म्हनला, मी गेल्यावर रतन सगळ्याम्होरं आसंच म्हनंल. सगळं आपल्या अंगावर घील. म्हनला, कोंडे, तवा तू तितं बस, आन तिला बोलू देऊ नगंस."

मग तिने मला हाताला धरून आपल्याजवळ बसवलं आणि ताटली माझ्यापुढे सरकवली.